घरची बिअर: डर्बीतल्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

३१ ऑगस्ट २०२४

ठरलं. वर्ष संपायच्या आत घरी दोन बिअर करायच्या. पहिली माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) तयार अर्कापासून, दुसरी थेट धान्यापासून. दोन्ही १० लिटरच्या. दुकानात मिळणारे बहुतेक संच २३ लिटरचे असतात, पण आमच्या शेगडीवर तेवढं पाणी उकळायलाच अर्धा दिवस जाईल, आणि उकळलेलं थंड करण्यात उरलेला. १० लिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या अठरा-वीस बाटल्या. शिकायला तेवढ्या पुरतात.

आधी कायद्याचं. इंग्लंडमध्ये १९६३ पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. तेव्हापासून स्वतःच्या घरापुरती हवी तेवढी करता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा तिथे आजही लागू आहे आणि परवाना नसताना घरी बिअर करणं हा गुन्हा ठरतो. पुण्याहून भावाचा लगेच मेसेज आला, "ताई, मलाही कृती पाठव." त्याला कळवलं, वाच, समजून घे, इकडे आलास की मिळून करू. तिकडे पातेलं चढवायचं नाही.

आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरलीच. "अगं, घरच्या दारूनं माणसं मरतात ना?" तिच्या डोक्यात मालाडच्या मालवणीचं प्रकरण होतं. जून २०१५ मध्ये तिथे विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. तिला नीट समजावून सांगितलं. तिथे घात केला तो दारूत मिसळलेल्या मिथेनॉलनं. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नाही, बाहेरून काही मिसळणं नाही. बार्लीतली साखर यीस्ट खातं आणि त्यातून चार-पाच टक्के अल्कोहोल तयार होतं, एवढंच. मिथेनॉल त्यात नगण्य असतं. खरे धोके दोन: उकळतं पातेलं अंगावर सांडणं आणि बाटली फुटणं. दोन्हींची काळजी घेणार आहे, असं तिला वचन दिलं.

१४ सप्टेंबर

सामान आलं. झाकणाची १५ लिटरची प्लॅस्टिकची बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत येऊ न देणारी झडप), हायड्रोमीटर (द्रव पाण्यापेक्षा किती घट्ट आहे ते मोजणारं तरंगतं उपकरण) आणि त्याची उभी नळी, सायफनची नळी, बाटल्यांना बुचं लावायचं हाताचं यंत्र, बुचं, कापडी पिशवी, स्टार सॅनची छोटी बाटली. २० लिटरचं स्टीलचं पातेलं घरात होतंच, गणपतीच्या महाप्रसादाच्या वेळी घेतलेलं. सगळं मिळून ७० पौंडांच्या आत बसलं. रिकाम्या तपकिरी बाटल्या शेजारच्या आजोबांनी दिल्या. ते सत्तरच्या दशकापासून घरी बिअर करतात. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटल्या घेऊ नकोस, असं त्यांनी बजावलं. हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या एका वेलीच्या फुलांमधल्या) कडू द्रव्यावर ऊन पडलं की त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला उग्र दर्प येतो. तपकिरी काच तो प्रकाश बराचसा अडवते.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला कुणी आधी काही सांगायचं असेल तर हे सांगावं. चिकटा, साय, जुना थर काढणं हे धुणं. त्यासाठी सोडियम परकार्बोनेट गरम पाण्यात घालून भांडी अर्धा तास भिजत ठेवायची. त्यानंतर निर्जंतुकीकरण. स्टार सॅन हे फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण आहे, लिटरभर पाण्याला दीड मिलिलिटर पुरतं, भांडं एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की झालं, नंतर विसळायचं नाही. पण भांड्यावर चिकटा असेल तर आम्ल त्याच्या खाली पोचत नाही. घासणीचे ओरखडेसुद्धा जंतूंना लपायला जागा देतात, म्हणून बादली मऊ फडक्यानंच पुसायची.

२१ सप्टेंबर

बिअर करण्याआधी जागा तपासते आहे. मागच्या शनिवारी बादलीत १० लिटर साधं पाणी भरून ती जिन्याखालच्या कपाटात ठेवली आणि सकाळ-रात्र तापमान टिपलं. आठवडाभर पाणी १७ ते १८ अंशांत राहिलं. त्याच दिवसांत स्वयंपाकघरातली हवा १६ पासून २३ पर्यंत वरखाली झाली. तेव्हा कपाटच.

याचं कारण असं की यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं. बादलीतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी वर जातं. म्हणजे १७ अंशांच्या कपाटात बिअर १९-२० वर आंबेल, आणि इंग्लिश एलच्या (साधारण खोलीच्या तापमानाला आंबवायच्या बिअरच्या) यीस्टला तेवढंच हवं असतं. तेच २३ अंशांच्या खोलीत ठेवलं तर आत २६-२७ होईल. तिथे यीस्ट घाईनं वाढतं, फळांसारखे वास देणारी एस्टर भरमसाट होतात, शिवाय जड अल्कोहोलं तयार होतात जी घशाला जाळतात. माणसं कृतीची वहीभर चर्चा करतात, कुठला हॉप किती ग्रॅम, आणि बादली रेडिएटरशेजारी ठेवून मोकळी होतात. मला तर वाटतं पहिल्या बिअरचं निम्मं यश या कपाटावर अवलंबून आहे. पुढे दुसऱ्या बिअरच्या वेळी हे ताडून बघणार आहे.

२८ सप्टेंबर: पहिली बिअर, इंग्लिश बिटर

साहित्य, १० लिटरसाठी:
फिकट माल्टच्या अर्काची पावडर १ किलो. क्रिस्टल माल्ट २०० ग्रॅम. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (५ टक्के आल्फा आम्ल) ४० ग्रॅम. सेफेल एस-०४ यीस्ट ६ ग्रॅम.

माल्ट म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळाला सत्त्व करून घालतो, तेच इथे बार्लीचं करतात. मोड येताना दाण्यात पिठुळ स्टार्चची साखर करणारी विकरं तयार होतात. मोड लांबायच्या आत भट्टीत वाळवलं की ती तशीच झोपून राहतात. अर्काच्या पावडरीत हे सगळं काम कारखान्यानं आधीच करून ठेवलेलं असतं, साखर तयार असते. म्हणून सुरुवात तिथून.

सकाळी साडेनऊला १३ लिटर पाणी चढवलं. आधी त्यात कॅम्डन गोळीचा चतकोर तुकडा चुरून टाकला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा माल्टमधल्या फिनॉलांशी संयोग झाला की बिअरला दवाखान्याचा वास येतो, आणि तो पुढे कशानंही जात नाही. चतकोर गोळीनं क्लोरीन मिनिटांत निघून जातं. इतक्या स्वस्तात इतकी मोठी पीडा टळते.

६८ अंशांवर क्रिस्टल माल्ट कापडी पिशवीत बांधून सोडलं, अर्धा तास ठेवलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं, घरभर भाजलेल्या बिस्किटांचा वास. पिशवी काढून निथळू दिली. मग शेगडी बंद करून पावडर घातली. शेगडी चालू असताना घातली तर वाफेनं तिच्या गुठळ्या होतात आणि तळाला बसून करपतात. पूर्ण विरघळल्यावर पुन्हा आच दिली.

उकळी यायच्या बेतात असताना पातेल्यापासून हलायचं नाही. आधी वर तपकिरी फेसाची साय धरते, मग ती क्षणात फुगून काठापर्यंत येते. फवारणीच्या बाटलीत गार पाणी घेऊन उभी होते, दोन फवारे मारले की फेस बसतो. पाचेक मिनिटांत फेस आपोआप ओसरला आणि खाली नासलेल्या दुधासारखे कण फिरताना दिसले. ही प्रथिनं. ती अशी गोळा झाली की पुढे बिअर स्वच्छ उतरते.

फेस बसल्यावर पहिले २० ग्रॅम हॉप्स. घड्याळ लावलं, एक तास. शेवटची १५ मिनिटं उरली तेव्हा १० ग्रॅम. शेगडी बंद केल्यावर उरलेले १०. तासभर उकळलेल्या हॉप्समधून कडवटपणा येतो, कारण आल्फा आम्लांचं रूप बदलायला उष्णता आणि वेळ लागतो. तेवढ्या वेळात सुगंधी तेलं मात्र उडून जातात. म्हणून वासासाठीचे हॉप्स शेवटी. हिशोबानं कडवटपणा ३० आयबीयूच्या (कडवटपणा मोजायचं एकक) आसपास यायला हवा.

पातेलं झाकण लावून मोरीतल्या गार पाण्यात ठेवलं, दोनदा पाणी बदललं, शेवटी बर्फ टाकला. चाळीस मिनिटांत २० अंश. उकळी थांबल्यापासून पुढे जे काही या द्रवाला लागेल ते निर्जंतुक हवं: गाळणी, चमचा, थर्मामीटर, कात्रीसुद्धा, जिनं यीस्टचं पाकीट कापायचं.

बादलीत उंचावरून ओतलं, म्हणजे हवा मिसळते. नळीत नमुना घेऊन हायड्रोमीटर सोडला. कडेला द्रव किंचित वर चढतो, ती कड वाचायची नाही, डोळा पातळीला आणून मधली सपाट रेघ वाचायची. १.०४०. कागदावरचाच आकडा. (साध्या पाण्याचा आकडा १.०००. विरघळलेली साखर जितकी जास्त तितका तो वर, आणि यीस्ट ती खाईल तसा खाली.) यीस्ट वर भुरभुरलं, झाकण, एअरलॉक, कपाट. दुपारचे दोन.

हॉप्सचा चोथा कंपोस्टमध्ये टाकला नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात दिला. आजोबांचा कुत्रा आमच्या बागेत येतो आणि हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी हे आधी वाचावं.

२९ सप्टेंबर

सकाळी आठला एअरलॉकमधून बुडबुडे. बादलीवरच्या पट्टीवर १९ अंश, कपाटात १७. झाकण उघडलं नाही.

१ ऑक्टोबर

बुडबुडे मंदावले. हायड्रोमीटर १.०१८. वर जाड, मलईच्या रंगाचा फेस आणि त्यावर हॉप्सचे तपकिरी डाग. तापमान २० ला टेकलं.

५ ऑक्टोबर

एअरलॉक शांत आहे. तो शांत झाला म्हणजे आंबणं संपलं असं नाही, झाकण किंचित सैल असेल तर वायू कुठूनही निघतो. आजचा आकडा १.०१३.

नमुना फेकत नाही, पिऊन बघते. हिरव्या सफरचंदाचा वास आहे. अ‍ॅसिटाल्डिहाइड, यीस्टच्या कामातली मधली पायरी. यीस्टला वेळ दिला की तेच ते पुन्हा वापरून संपवतं. घाईनं बाटल्या भरणाऱ्यांच्या बिअरला हा वास कायमचा चिकटतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

१.०१२. सफरचंद गेलं. सकाळी सरस्वतीपूजनाला वह्या-पुस्तकं मांडली, त्यांत ही वहीही ठेवली. हायड्रोमीटर अवजार आहे, म्हणून त्यालाही झेंडूचं फूल.

१४ ऑक्टोबर

पुन्हा १.०१२. दोन दिवसांच्या अंतरानं आकडा हलला नाही, म्हणजे खाण्याजोगी साखर संपली. बाटल्या भरण्याआधीची ही एकच परीक्षा आहे आणि ती टाळता येत नाही. साखर शिल्लक असताना बुच लावलं तर बाटलीत दाब वाढत जातो आणि काच फुटते. आईला दिलेलं वचन इथेच पाळायचं.

अल्कोहोल: (१.०४० − १.०१२) × १३१.२५ = ३.७ टक्के. साध्या बिटरला शोभेल असं.

१९ ऑक्टोबर

बाटल्या. ९ लिटर स्वच्छ द्रव मिळाला, बाकी तळाचा गाळ. घरची साधी साखर ४२ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून. आकडा असा निघाला: १९ अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या ०.९ पट वायू आधीच विरघळलेला असतो, बिटरला २.१ पट हवा, उरलेल्या १.२ पटीसाठी लिटरमागे पावणेपाच ग्रॅमच्या आत साखर. पाक दुसऱ्या बादलीत आधी ओतला, त्यावर सायफननं बिअर सोडली, नळीचं टोक तळाशी बुडालेलं ठेवून, म्हणजे खळखळाट होत नाही. आंबण्याआधी यीस्टला हवा हवी होती, आता हवा म्हणजे नुकसान. बिअर जुन्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते.

नवऱ्यानं बुचं लावली. बाटल्या खोक्यात, खोकं कपाटात, वर जाड चादर.

२ नोव्हेंबर, पाडवा

दोन आठवडे झाले. एक बाटली आदल्या रात्री गार केली आणि संध्याकाळी फराळाबरोबर उघडली. बुच निघताना नीट फुस्स झालं. तळाचा गाळ बाटलीत राहील अशी एका दमात ग्लासात ओतली.

रंग तांबूस, पूर्ण पारदर्शक नाही. फेस दोन बोटं, पाच मिनिटं टिकला. आधी क्रिस्टल माल्टचा टॉफीसारखा गोडवा, मग गोल्डिंग्जचा मातकट-फुलांसारखा वास, शेवटी जिभेच्या मागे स्वच्छ कडवटपणा. चकलीच्या तिखट-तेलकटपणावर हा कडवटपणा फार छान बसतो. शेवेबरोबरही. करंजीबरोबर अजिबात नाही, गोडासमोर ही बिअर पाणचट वाटते. आजोबांना एक बाटली दिली. त्यांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, आणि विचारलं, "किती अंशांवर आंबवलीस?" हॉप्सबद्दल अवाक्षर नाही.

९ नोव्हेंबर

दुसऱ्या बिअरची तयारी. पेल एल, म्हणजे फिकट एल, करायची, बर्टनच्या वळणाची. बर्टन अपॉन ट्रेंट इथून वीसेक किलोमीटर. बिअरच्या इतिहासात या गावाचं आणि आपल्या मुंबईचं जुनं नातं आहे, म्हणून हीच निवडली.

अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून जी बिअर मुंबई, मद्रास, कलकत्त्याला जायची तिच्यात पूर्व लंडनच्या बो इथल्या हॉजसनच्या बिअरचा मोठा वाटा होता. त्याची भट्टी जहाजांच्या धक्क्याजवळ होती आणि कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी द्यायचा. भारतासाठी त्यानं मुद्दाम नवी बिअर शोधून काढली, असं सर्रास सांगतात, पण फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासूनच होती आणि भारतातले गोरे शिपाई काळी पोर्टरही भरपूर पीत. झालं असं की आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून जाणाऱ्या प्रवासात भरपूर हॉप्स घातलेली फिकट बिअर पिंपातच मुरली आणि चांगली लागली. १८२० च्या दशकात बर्टनचा ऑलसॉप या धंद्यात उतरला आणि बर्टननं लंडनला मागे टाकलं. त्याचं कारण पाणी. तिथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं, त्यात सल्फेट लिटरला ६०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. सल्फेटनं हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि धारदार होतो, कॅल्शियममुळे बिअर लवकर निवळते.

डर्बीला वरच्या डरवेंट खोऱ्यातल्या धरणांचं पाणी येतं. पाणीपुरवठा कंपनीच्या अहवालात आमच्या भागाचे आकडे बघितले, सल्फेट बर्टनच्या जवळपासही नाही. १५ लिटरला ५ ग्रॅम जिप्सम घालणार, म्हणजे लिटरमागे १८५ मिलिग्रॅमची भर. पूर्ण बर्टन करायची गरज नाही, तेवढं सल्फेट मला जिभेवर खडूसारखं वाटतं.

आणि कपाटाचा प्रश्न आता सोडवायचा. उकळून तयार झालेला एकच द्रव दोन बादल्यांत निम्मा-निम्मा. तेच यीस्ट, तेवढंच वजन. एक १८ अंशांवर, दुसरी २४ वर. बाकी कशात फरक नाही.

१६ नोव्हेंबर: दुसरी बिअर, पेल एल, पिशवीच्या पद्धतीनं

मॅरिस ऑटर माल्ट, भरडलेला, २.६ किलो. ही बार्लीची जात १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या संशोधन केंद्रात तयार झाली. उत्पन्न कमी म्हणून बहुतेक शेतकऱ्यांनी सोडली, तरी चवीसाठी बिअरवाले अजून तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. हॉप्स: चॅलेंजर २० ग्रॅम, गोल्डिंग्ज ५५ ग्रॅम.

१५.३ लिटर पाणी, कॅम्डन, जिप्सम. ६९ अंशांना पिशवी पातेल्यात अंथरून भरड हळूहळू घातली, गुठळ्या मोडत. तापमान ६६ वर आलं, हवं तिथेच. या तापमानाला दोन विकरं एकत्र काम करतात. एक साठीच्या अंशांत जोरात असतं आणि यीस्टला खाता येईल अशी लहान साखर कापतं, दुसरं सत्तरीच्या जवळ जास्त चालतं आणि मोठे तुकडे करतं, जे यीस्टला पचत नाहीत आणि बिअरला अंग देतात. ६३ वर ठेवलं तर कोरडी, ६९ वर ठेवलं तर भरदार.

शेगडी बंद, पातेल्याला दुलई गुंडाळली. दहा मिनिटांनी चमचाभर चाखलं, पिठूळ पेज. तासानं चाखलं तर मधासारखं गोड, पिठाचा मागमूस नाही. बशीत थेंबभर घेऊन त्यावर आयोडीन टाकलं. दहाव्या मिनिटाच्या थेंबावर ते निळं-काळं झालं होतं, तासाच्या थेंबावर तपकिरीच राहिलं. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग, पण इथे स्टार्च डोळ्यांदेखत नाहीसा झाला. या नोंदवहीतला हा मला सगळ्यांत आवडलेला तास.

तासात तापमान दीड अंश उतरलं. पिशवी उचलून जाळीवर निथळायला ठेवली, वरून दाबून काढली. उकळीआधी १३.५ लिटर, १.०४२. तासभर उकळी: चॅलेंजर सुरुवातीला, १५ ग्रॅम गोल्डिंग्ज शेवटच्या १५ मिनिटांना, २० बंद केल्यावर. उरलेले २० आंबल्यानंतर गार घालायला ठेवले. शेवटी १.०५१. दोन बादल्यांत ५-५ लिटर, प्रत्येकीत साडेतीन ग्रॅम एस-०४.

पहिली बादली कपाटात. दुसरी पाण्याच्या टबात, टबात मत्स्यपेटीचा हीटर २४ वर.

चोथ्याचा मूठभर भाग वाळवून, मिक्सरमध्ये बारीक करून भाजणीत मिसळला. थालीपीठ खमंग झालं. बारीक केलं नाही तर फोलपटं टोचतात, तेवढं सांभाळायचं.

१९ नोव्हेंबर

२४ अंशांची बादली: १.०१३. तीन दिवसांत जवळजवळ संपली. १८ अंशांची: १.०२४, फेस अजून ताठ.

२४ नोव्हेंबर

दोन्हींचा आकडा १.०१२. म्हणजे अल्कोहोल दोन्हींत ५.१ टक्के. नुसत्या हायड्रोमीटरवर विश्वास ठेवला तर या एकच बिअर आहेत. वासात मात्र आताच फरक आहे. गरम बादलीतून पेअरचा आणि थोडा नेलपॉलिशचा वास येतो, गार बादलीतून पाव आणि हॉप्स.

३० नोव्हेंबर

दोन्हींत १०-१० ग्रॅम गोल्डिंग्ज. हीटर बंद, दोन्ही बादल्या आता कपाटात शेजारीशेजारी.

७ डिसेंबर

बाटल्या भरल्या. दोन्हींची साखर सारखी नाही. २४ अंशांपर्यंत गेलेल्या बिअरमधून वायू जास्त निघून गेलेला असतो आणि नंतर ती गार झाली तरी तो परत येत नाही, म्हणून तिला २७ ग्रॅम, दुसरीला २५. बुचांवर ठिपके: एक ठिपका १८, दोन ठिपके २४.

२८ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत सहा जण घरी जमले, आजोबा-आजी धरून. प्रत्येकापुढे तीन ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते ओळखायचं. कोणत्या ग्लासात काय आहे हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं, मी खोलीबाहेर होते, आणि शेवटी मीही ओळखायला बसले नाही, कारण वास मला आधीच माहीत होते. नुसत्या अंदाजानं सहांतले दोघं बरोबर येतात. पाच जण बरोबर आले.

मग कोणती आवडली ते विचारलं. पाचांपैकी चौघांनी १८ ची घेतली. पाचव्या मैत्रिणीला २४ ची आवडली, तिला फळांचा वास हवाहवासा वाटला, आणि तिचं म्हणणं मी तसंच लिहून ठेवते आहे. आजोबांनी गरम बिअरचा घोट गिळल्यावर घशावर बोट ठेवलं. तो जळजळता शेवट मलाही जाणवतो. गार बिअरमध्ये हॉप्स पुढे येतात, सल्फेटचा कोरडेपणा नीट कळतो, गोडिळी नाही. धान्य, पाणी, हॉप्स, यीस्ट, सगळं एकाच पातेल्यातलं होतं.

२९ डिसेंबर

जानेवारीत मोठं पातेलं आणि तांब्याची थंड करायची वेटोळी घ्यायचा विचार होता, तो मागे ठेवला. त्याऐवजी जुना लार्डर फ्रिज बघायचा, वर बर्फाचा कप्पा नसलेला, आतून निदान ४० सेंटीमीटर रुंद, म्हणजे बादली आणि एअरलॉक दोन्ही मावतील. त्याला बाहेरून तापमान नियंत्रक जोडायचा, सेन्सर बादलीच्या अंगाला फोमच्या तुकड्याखाली चिकटवायचा, आत छोटा हीटर. उन्हाळ्यात जिन्याखालचं कपाट २३-२४ वर जातं असं आजोबा म्हणतात, त्यांच्याही घराची रचना हीच आहे. त्यांच्या ओळखीत एक फ्रिज चाळीस पौंडांना आहे. शनिवारी टेप घेऊन जाते.